जिन्याची काटकसर आणि घरातील माणसे

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीभोवती गेल्या काही दशकांत जी वस्ती वाढली, तिच्यातून एखादा फेरफटका मारला तर एक दृश्य वारंवार नजरेस पडते. खाली दोन खोल्या, वर एक किंवा दोन, आणि पुढच्या भिंतीला टेकून बोळात उतरणारा लोखंडी जिना. पावसाळ्यात त्याच्या पत्र्यावर पाय निसटतो, उन्हाळ्यात कठड्याला हात लावत नाही. तरीही तो घराबाहेरच आहे. कारण त्याला आत घ्यायचे म्हटले तर खालच्या दोन खोल्यांपैकी एक निम्मीशिम्मी तोच खाऊन टाकील. घर बांधताना जमिनीची किंमत, सिमेंट, सळई आणि वाळू यांचा हिशेब सर्वजण करतात. जिन्याचा हिशेब मात्र शेवटी, गवंडी दारात उभा राहिल्यावर होतो, आणि तोपर्यंत त्याच्यासाठी जागा उरलेली नसते.

ही अडचण कुपवाडपुरती नाही; परंतु येथे ती विशेष तीव्र आहे. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून १९९८ साली महानगरपालिका झाली, त्याच्या कितीतरी आधीपासून या पट्ट्यातील शेतजमिनीचे तुकडे गुंठ्यागुंठ्याने विकले जात होते. कारखान्यात नोकरी मिळालेल्या माणसाला रीतसर मंजूर नकाशातील भूखंड परवडत नव्हता. गुंठा परवडत होता. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. कित्येकांच्या वाट्याला त्याचा अर्धाच तुकडा आला. राज्य शासनाने २००१ साली गुंठेवारी विकास नियमाधीन करण्याचा कायदा केला, आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या भूखंडांना लागू केली. कागद नियमित झाले. तुकडा मात्र होता तेवढाच राहिला. मुलगा हाताशी आला, सून घरात आली, की कुटुंबाला वाढण्याची एकच दिशा उरते, ती म्हणजे वरची. आणि वर जायचे म्हणजे जिना आला.

एका पायाची पायरी

या अडचणीवर परदेशात एक युक्ती रूढ आहे. तिला मराठीत ‘एकाआड एक पायऱ्यांचा जिना’ म्हणता येईल. नेहमीच्या जिन्यात प्रत्येक पायरी डावीकडून उजवीकडे सारखीच खोल असते. या जिन्यात तसे नसते. एक पायरी डाव्या अंगाला खोल आणि उजव्या अंगाला जवळजवळ कापून टाकलेली, तर पुढची उजव्या अंगाला खोल आणि डाव्या अंगाला कापलेली, असा क्रम वरपर्यंत चालतो. डावा पाय डाव्या पायरीवर, उजवा उजव्या. चढणाऱ्याला दुसरा पर्यायच नाही.

यामागील विचार साधा आहे. जिना चढताना माणूस प्रत्येक पायरीवर एकच पाय ठेवतो. पायरीचा उरलेला अर्धा भाग त्या क्षणी रिकामा असतो. इतकेच नव्हे, तर जिना उभा असेल तर तोच अर्धा भाग खालून वर येणाऱ्या दुसऱ्या पायाला आडवा येतो. तो काढून टाकला, की उभ्या जिन्यातही प्रत्येक पावलाला पुरेशी खोल जागा मिळते. शिडीवरून उतरताना तोंड शिडीकडे करून पाठमोरे उतरावे लागते. या जिन्यावरून समोर पाहत उतरता येते. युक्तीचे खरे मर्म येथे आहे.

अमेरिकेत या प्रकारच्या जिन्याला गेल्या शतकाच्या नवव्या दशकात कारखान्यांतून मोठा प्रसार मिळाला, तो न्यू ऑर्लिन्सच्या जेम्स लापेअर या संशोधकामुळे. हा गृहस्थ त्याआधी कोळंबी सोलण्याच्या यंत्रासाठी प्रसिद्ध होता. त्याच्या कंपनीचे जिने ५६ आणि ६८ अंशांच्या कोनात बनतात. कल्पना मात्र त्याहून बरीच जुनी आहे. जर्मन लोक अशा जिन्याला ‘सांबा जिना’ म्हणतात, कारण त्यावर पाऊल नाचाच्या ठेक्याने टाकावे लागते. फ्रेंच लोक त्याला ‘जपानी पावलांचा जिना’ म्हणतात. नावे गमतीची असली, तरी दोन्हींत एक सावधगिरीची सूचना आहे: येथे चालण्याची सवय वेगळी लागते.

चौरस फुटांचा हिशेब

जागा नेमकी किती वाचते? राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या घरात पायरीची खोली किमान २५ सेंटिमीटर आणि उंची कमाल १९ सेंटिमीटर असावी. मजल्याची उंची दहा फूट, म्हणजे सुमारे तीन मीटर धरली, तर १९ सेंटिमीटरचे १६ चढ आणि त्यांच्यामध्ये १५ पायऱ्या येतात. पंधरा पायऱ्यांची सरळ लांबी पावणेचार मीटर होते. पाऊण मीटर रुंदी धरली, तर जमिनीवर २.८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे तीस चौरस फूट जागा गेली.

एकाआड एक पायऱ्यांच्या जिन्यात चढ तेवढाच ठेवून प्रत्येक पायरी साडेबारा सेंटिमीटरच पुढे सरकवता येते. कारण एकाच पायाच्या दोन लागोपाठच्या पायऱ्यांमध्ये तरीही पंचवीस सेंटिमीटरचे अंतर राहते. लांबी थेट निम्म्यावर येते, पावणेदोन-दोन मीटरच्या आत. जिना सुमारे ५७ अंशांत उभा राहतो आणि खालच्या मजल्यावर पंधरा चौरस फूट जागा वाचते. वरच्या मजल्यावर जिन्यासाठी सोडावे लागणारे भगदाडही बरेच आखूड होते. दोन्ही मजले मिळून पंचवीस-तीस चौरस फुटांची बचत धरायला हरकत नाही.

सुखवस्तू माणसाला ही बचत क्षुल्लक वाटेल. परंतु २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी ठरविलेले घर ३० चौरस मीटर चटई क्षेत्राचे, म्हणजे सुमारे ३२३ चौरस फुटांचे आहे. एवढ्या घरात तीस चौरस फूट म्हणजे जवळजवळ एक दशांश. दहावीच्या मुलीला अभ्यासाला टेबल ठेवता येईल की नाही, आजोबांची खाट भिंतीला लागेल की वाटेत येईल, हे एवढ्याच जागेवर ठरते. बांधकामाचा खर्च चौरस फुटाला दोन हजार रुपये धरला, तर तीस फुटांचे साठ हजार होतात. पगारातून घर बांधणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नाही.

जुन्या वाड्यांचा धडा

येथे कोणी म्हणेल, की उभा जिना आपल्याला नवा थोडाच आहे? हे खरे आहे. कृष्णाकाठच्या जुन्या वाड्यांतून भिंतीच्या जाडीत काढलेले अंधारे दगडी जिने आजही दिसतात. पायरी फूटभर उंच, रुंदी एका माणसाची, धरायला कठड्याऐवजी वरून सोडलेला दोर, आणि माथ्यावर झडप. माळवदाच्या घरात तर शिडीवरच भागत असे. पिढ्यान्‌पिढ्या माणसे त्यावरून चढली-उतरली.

पण त्या जिन्यांचा गौरव करताना दोन गोष्टी विसरल्या जातात. एक, वाड्याचा खरा संसार खाली चाले. स्वयंपाकघर, देवघर, न्हाणी, बाळंतिणीची खोली, म्हाताऱ्यांचे अंथरूण ही सारी तळमजल्यावर. माडी ही बैठकीची, धान्याची किंवा तरुणांच्या झोपण्याची. दोन, त्या जिन्यांवरून कोण पडले, कोणाचे कंबरडे मोडले, कोणती सासुरवाशीण भरल्या हंड्यासह घसरली, याची नोंद कोणी ठेवली नाही. ज्या गैरसोयीची नोंद होत नाही ती कालांतराने परंपरा म्हणून मिरवते. आजच्या अर्ध्या गुंठ्यातील घरात मात्र वरचा मजला हौसेचा राहिलेला नाही. अर्धे कुटुंब तेथे राहते, आणि दिवसातून वीस वेळा जिना चढते.

बचत कोणाची, धोका कोणाचा?

म्हणूनच या जिन्याचा विचार केवळ चौरस फुटांत करणे अपुरे आहे. अर्थशास्त्रात एक साधा प्रश्न नेहमी विचारला पाहिजे: लाभ कोणाच्या पदरात पडतो आणि किंमत कोण मोजतो? जागेची बचत घर बांधणाऱ्याच्या हिशेबात दिसते. जिना चढण्या-उतरण्याचे कष्ट मात्र सारखे वाटले जात नाहीत. दिवसा कामावर जाणारा पुरुष जिना दोन-चारदा वापरतो. घरातील स्त्री वाळवण, धुणे, पाण्याची कळशी, कडेवरचे मूल घेऊन तो दिवसभर वापरते. या जिन्यावर दोन्ही हात कठड्यावर हवेत; तिचे दोन्ही हात मोकळे कधी असतात? साडीच्या निऱ्या आणि कापलेल्या पायऱ्यांच्या कडा यांचेही सख्य नाही.

याहून महत्त्वाची एक मर्यादा जिन्याच्या रचनेतच आहे. लहान मूल आणि गुडघेदुखीचा म्हातारा नेहमीच्या जिन्यावर कसा चढतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला ती लगेच कळेल. तो एक पाय वर ठेवतो, दुसरा त्याच पायरीवर आणून जोडतो, श्वास घेतो, आणि मग पुढची पायरी. एकाआड एक पायऱ्यांच्या जिन्यात दुसऱ्या पायाला त्या पायरीवर जागाच ठेवलेली नाही. जागा वाचली ती नेमकी दुबळ्या पायाची. धडधाकट माणसाला जी युक्ती वाटते, ती अधू माणसाला सरळसरळ मनाई ठरते. आणि आजाऱ्याला उचलून खाली आणण्याची वेळ आली, तर अशा जिन्यावरून चौघांनी कसे उतरावे, याचे उत्तर कोणत्याही नकाशात नाही.

ज्या देशांत हा जिना चालतो, त्यांनी ही मर्यादा ओळखलेली आहे. इंग्लंडच्या बांधकाम नियमांत तो सरसकट मान्य नाही. छपराखालच्या पोटमाळ्याची खोली करताना, नेहमीच्या जिन्याला जागाच नसेल तर, आणि वर एकच राहती खोली असेल तर, दोन्ही बाजूंना कठडा लावून तो चालतो. रोज वापरणाऱ्याला त्याची सवय होते, एवढ्याच आधारावर ही सवलत दिलेली आहे. अमेरिकेतील कामगार-सुरक्षा नियमही अशा जिन्याला ५० ते ७० अंशांच्या मर्यादेत बांधतात. तेव्हा परदेशातील युक्ती उचलायची असेल, तर तिच्याबरोबरच्या अटीही उचलल्या पाहिजेत. आपल्याकडे बहुधा युक्ती येते आणि अटी बंदरावरच राहतात.

नियम काय असावा?

मग हा जिना सरळ निषिद्ध मानावा काय? तसे करणेही शहाणपणाचे ठरणार नाही. कारण जागेअभावी लोक नेहमीचा जिना बांधतच नाहीत. ते शिडी लावतात, किंवा गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडून सळयांचा, कठडा नसलेला, सत्तर अंशांचा सांगाडा करून घेतात. अशा सांगाड्याच्या मानाने नीट मापाचा, दोन्ही बाजूंना कठडा असलेला एकाआड एक पायऱ्यांचा जिना निःसंशय सुरक्षित आहे. तुलना करायची ती आदर्श जिन्याशी नव्हे, तर आज प्रत्यक्षात जे उभे आहे त्याच्याशी.

राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली २०२० साली आली. तिच्यासारख्या नियमांचा पाया नेहमीची, पूर्ण रुंदीची पायरी हाच असतो. लहान भूखंडावरील घरांसाठी या जिन्याला मर्यादित जागा द्यावी, असे सुचवावेसे वाटते. त्या मर्यादा मात्र स्पष्ट हव्यात. वर एकच खोली असावी आणि ती घरच्याच माणसांच्या वापराची असावी. स्वयंपाकघर, नळ आणि शौचालय खाली असावे. घरातील वृद्ध, गरोदर स्त्री आणि लहान मुले यांची झोपण्याची सोय तळमजल्यावर होत असावी. दोन्ही बाजूंना कठडा, पायरीला खरबरीत पृष्ठभाग आणि माथ्यावर दिवा सक्तीचा असावा. आणि जेथे वरच्या खोल्या कामगारांना भाड्याने दिल्या जातात, तेथे तो मुळीच नसावा. आठ-दहा माणसांना आग लागल्यावर एकेका पावलाचा ठेका धरून उतरायला लावणे हा काटकसरीचा नव्हे, निष्काळजीपणाचा प्रकार होईल.

यासाठी फार मोठ्या यंत्रणेची गरज नाही. लोखंडकामाचे कसब कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आहे. १९४७ पासून चालत आलेले वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय जवळच आहे. महापालिकेने दोन-तीन मापांचे प्रमाण नकाशे तयार करून घ्यावेत, आणि नमुन्याचा एक जिना लोकांना चढून पाहता येईल असा कोठेतरी उभा करावा. त्यावर घरातल्या कर्त्या पुरुषाआधी त्याच्या आईने चढून पाहावे. तिला उतरता आले नाही, तर तो जिना त्या घरासाठी नाही, इतकी साधी ही परीक्षा आहे.

शेवटी एक गोष्ट दृष्टीआड होऊ नये. जिना उभा होतो, कारण घर लहान आहे. आणि घर लहान आहे, कारण रीतसर जमीन कष्टकऱ्याच्या आवाक्याबाहेर आहे. पायरी अर्धी कापून तीस चौरस फूट मिळतील, परंतु त्यामुळे अर्ध्या गुंठ्याचा गुंठा होणार नाही. उद्या घर बांधून देणाऱ्यांनी याच जिन्याच्या आधारावर आणखी लहान घरे विकायला काढली, तर वाचलेली जागा राहणाऱ्याला न मिळता विकणाऱ्याच्या खात्यात जमा होईल. युक्तीने अडचण सुसह्य होते, तिचे निवारण होत नाही. ते करायचे असेल तर मोजमाप जिन्याच्या पायरीपासून नव्हे, त्याखालच्या जमिनीपासून सुरू केले पाहिजे.