शॉर्टसर्किट नंतर शोधा, आधी दार तपासा!

कारखान्याला आग लागली की प्राथमिक अंदाज ठरलेला असतो: शॉर्टसर्किट. पण ठिणगी कुठे पडली यापेक्षा माणसं बाहेर का पडू शकली नाहीत, हा प्रश्न मोठा आहे.

तीन घटना काय सांगतात?
7 जून 2021, उरवडे (ता. मुळशी): रसायन कारखान्यात 17 कामगारांचा मृत्यू, त्यात बहुतेक महिला. 31 डिसेंबर 2023, वाळूज: हातमोज्यांच्या कारखान्यात झोपलेले 6 कामगार गेले. 18 मे 2025, सोलापूर: टॉवेल कारखान्यात पहाटे मालकासह 8 जण गेले. मालकाचं कुटुंब तिथेच राहत होतं. बंदिस्त शेडमध्ये ज्वाळांआधी धूर पोहोचतो. झोपेतल्या माणसाला तर उठायलाही वेळ मिळत नाही.

कायदा काय म्हणतो?
कारखाने अधिनियम 1948, कलम 38 (2025 पर्यंत लागू): आगीत आतल्या प्रत्येकाला सुरक्षित बाहेर पडता आलं पाहिजे, असं ते सांगत होतं. राज्याच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचा ‘बी’ फॉर्म दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो.

मग अडतं कुठे?
फॉर्म फायलीत राहतो आणि दारासमोर मालाची थप्पी लागते. शिरोली, गोकुळ शिरगाव, इचलकरंजीतल्या प्रत्येक शेडला तीन प्रश्न विचारा: दुसरं दार आहे का? रात्री ते आतून उघडतं का? आत कोण झोपतं?

‘बी’ फॉर्मची प्रत गेटवर लावणं सक्तीचं करा. आपण कशाच्या भरवशावर आत जातोय, हे कामगारालाही कळू दे.