दाणे भरपूर, अंडी मात्र नाहीत

परसातल्या आठ-दहा कोंबड्या म्हणजे कोकणात घरच्या बाईची स्वतःची मिळकत. मुलांच्या वह्या, आजारपणाची औषधे त्यातून निघतात. म्हणूनच अंडी बंद झाली की तक्रार येते, ‘‘बाजी, ओंजळभर तांदूळ रोज टाकते, तरी अंडे नाही!’’

भगिनींनो, चूक ओंजळीत नाही, नुसत्या तांदळात आहे. दाण्याने पोट भरते आणि अंगात ताकद येते, पण अंडे घडायला प्रथिने आणि चुना लागतो. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात सुमारे 16 टक्के प्रथिने हवीत. तांदळाच्या कणीत ती जेमतेम 8 टक्के असतात. एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम जाते. ते खाण्यातून मिळाले नाही, तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते.

तयार खाद्य महाग वाटत असेल, तर घरीच 10 किलो मिश्रण करावे: कणी किंवा भरडलेला मका 6 किलो, भाताचा कोंडा 2 किलो, शेंगदाण्याची पेंड दीड किलो आणि बिनमिठाचा सुका जवळा अर्धा किलो. खारवलेली मासळी मुळीच घालू नये, जास्त मीठ कोंबडीला विषासारखे असते. बुरशीचा वास येणारी पेंड स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

दिवसभर मोकळी चरणारी कोंबडी किडे, गवत स्वतः टिपते. तिला संध्याकाळी 50 ते 60 ग्रॅम मिश्रण पुरते. कोंडून ठेवलेलीला मात्र दिवसाला 100 ते 120 ग्रॅम लागते. शेवग्याचा पाला फुकटचा, तोही द्यावा.

चुन्यासाठी तिसऱ्यांची टरफले किंवा अंड्यांची कवचे भाजून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवावीत. कवच ओळखू येईल असे टाकले, तर कोंबड्यांना अंडी फोडून खायची सवय लागते. पिल्लांना ही वाटी नको, जादा चुन्याने त्यांचे मूत्रपिंड बिघडते. स्वच्छ पाणी सदैव हवे.

पिसे झडण्याच्या काळात आणि दिवस लहान असताना अंडी कमी होणारच. अशा वेळी घाईने कोंबडी विकू नका. आधी तिच्या ताटात काय आहे ते पाहा.