प्रेमाला नऊपैकी किती मार्क?

१९८२ साली जयपूरमध्ये उषा गुप्ता आणि पुष्पा सिंग यांनी ५० जोडप्यांचा एक अभ्यास केला. निष्कर्ष असा, की लव्ह मॅरेजवाल्यांचं प्रेम पाचेक वर्षांत ओसरतं आणि ठरवून केलेल्या लग्नातलं वाढत जातं. तेव्हापासून हा अभ्यास अमर आहे. पुस्तकांत, भाषणांत आणि हल्ली तर व्हॉट्सअॅपवर, 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय' अशा थाटात.

मुळात प्रेम मोजलं कसं? तर झिक रुबिन यांच्या प्रश्नावलीने. ती १९७० सालची, अमेरिकेतल्या कॉलेजात फिरणाऱ्या जोड्यांवर बेतलेली. १३ वाक्यं आणि प्रत्येकापुढे १ ते ९ मधला एक आकडा टाकायचा. त्यातल्या एका वाक्याचा आशय असा, की या माणसावाचून माझं चालणं कठीण आहे.

आता विचार करा राव. मिशिगनमधली विशीतली मुलगी इथे ९ टाकते तेव्हा ती प्रेमात आकंठ बुडालेली असते. १९८२ साली जयपूरमधल्या, स्वतःची कमाई नसलेल्या, दोन पोरांच्या आईने ९ टाकले तर त्यात प्रेम किती, पोरांची फी किती आणि माहेरचा बंद दरवाजा किती? आकडा तोच, पण युनिट वेगळं. कोडमध्ये किलोमीटर आणि मैल असे मिसळले असते तर रिव्ह्यूमध्येच चपला पडल्या असत्या!

शिवाय हीच जोडपी दहा वर्षं पाहिलेली नाहीत. लग्नाला कमी-जास्त वर्षं झालेली निरनिराळी जोडपी एकदाच विचारलेली. म्हणजे एका सर्व्हरचा दहा वर्षांचा लॉग नाही, वेगवेगळ्या सर्व्हरचे एकेक स्क्रीनशॉट.

याहून मोठी भानगड स्टीव्हन हाइन आणि मंडळींनी २००२ मध्ये दाखवली. आकडा टाकताना माणूस स्वतःला आजूबाजूच्यांशी ताडून बघतो. जिने आईवडिलांना जेमतेम चार वाक्यं बोलताना पाहिलंय, तिला रविवारी चहा करून देणारा नवरा म्हणजे नऊपैकी नऊच.

हे सगळं पुस्तकी वाटेल, पण माझ्या मावसबहिणीला हाच अभ्यास दाखवून "बघ गं, आता सायन्सच म्हणतंय" असं सुनावण्यात आलं. मी त्यांना २०१२ चा रेगन, लखनपाल, अँग्विआनो यांचा अभ्यास दाखवला. अमेरिकेतले भारतीय, प्रेम आणि समाधान दोन्ही प्रकारच्या लग्नांत सारखंच. त्यावर मावशी म्हणाली, "अरे, तिकडचे आकडे इकडे कसे चालतील?" पॉइंट आहे! फक्त रुबिनची पट्टीही तिकडचीच, हे तिला ऐकायचं नव्हतं.

मला विचाराल तर 'किती प्रेम आहे' हा प्रश्नच नको. पगार कुठल्या खात्यात जातो, भांडणानंतर आधी कोण बोलतं, आजारपणात रजा कोण टाकतं, असं विचारा. नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळ्या खोलीत बसवून. सासूबाईंना तेवढ्यात भाजीला पाठवता आलं तर उत्तमच.