स्तोत्रांतील दीर्घ पदे आणि आजचे वाचक

गणेशचतुर्थी जवळ आली की घरोघरी स्तोत्रांची पुस्तके फडताळातून बाहेर निघतात. अथर्वशीर्षाची आवर्तने होतात, सायंकाळी रामरक्षेचा पाठ घडतो. ही परंपरा अद्याप टिकून आहे ही समाधानाची गोष्ट होय. तथापि पाठाला बसलेल्या मंडळींकडे लक्षपूर्वक पाहिल्यास असे आढळते की, आजोबा डोळे मिटून म्हणत असतात आणि शेजारचा नातू एखाद्या लांबलचक सामासिक पदापाशी अडखळून हळूच गप्प होतो. पुढील वर्षी तो पाठाला बसेलच, अशी खात्री आम्हांस वाटत नाही.

अशी पदे तोडून छापावीत, असे म्हटले की श्रद्धावंत मंडळी दचकतात. त्यांची भीती अगदीच निराधार नव्हे. 'इन्द्रशत्रु' या शब्दाची कथा प्रसिद्धच आहे. त्वष्ट्याला 'इंद्राचा संहारक' हवा होता; पण स्वर चुकला, तत्पुरुषाचा बहुव्रीही झाला, 'इंद्र ज्याचा संहारक' असा अर्थ निघाला आणि वृत्रच मारला गेला! समासाच्या बाबतीत आपले पूर्वज एवढे दक्ष होते.

परंतु याच पूर्वजांनी पदपाठही निर्माण केला, हे आपण विसरतो. शाकल्याच्या ऋग्वेद-पदपाठात संधी सोडवून प्रत्येक पद पृथक् केलेले आहे, आणि सामासिक पदात अवग्रहाने क्षणभर विराम दिलेला आहे. समासात घटक अनेक असले तरी हा विराम सामान्यतः एकाच ठिकाणी. संहितेला धक्का नाही. तिच्या जोडीला पदपाठ. तेव्हा पदे उलगडून दाखविणे हे आधुनिकांचे खूळ खचित नव्हे.

मात्र तोडण्यालाही शास्त्र आहे. 'महिषासुर-मर्दिनी' असे छापल्यास डोळ्यांना विसावा मिळतो आणि एकही अक्षर बदलत नाही. उलट 'महिष असुर मर्दिनी' असे छापले तर आठांची नऊ अक्षरे होऊन वृत्त मोडते. 'गजानन', 'लंबोदर' या नामांत तर दोन स्वर एकजीव झालेले. तेथे रेघ मारण्यास जागाच नाही. गज व आनन, लंब व उदर ही फोड तळटीपेतच शोभते.

खरी मोडतोड निराळीच आहे. ओळ संपली म्हणून 'महिषासु' वर आणि 'रमर्दिनी' खाली, असे स्वस्त पुस्तकांतून सर्रास आढळते. मोबाइलच्या पडद्यावर तर विचारूच नये. त्याने मात्र कोणी दचकत नाही!

प्रकाशकांनी डाव्या पानावर अखंड पाठ ठळक टायपात द्यावा, कारण ज्यांना तो मुखोद्गत आहे त्यांना मध्येच आलेली रेघ खुपते. आणि उजव्या पानावर तोच पाठ योग्य जागी रेघा देऊन छापावा, शिकणाऱ्या मुलांसाठी व परदेशी वाढलेल्या नातवंडांसाठी. गोरखपूरच्या गीता प्रेसची पदच्छेद-अन्वयासह गीता अनेक घरांत आहेच. लहान स्तोत्रांना तो मान का नसावा? पाने दुप्पट होतील, किंमत वाढेल. वाढू द्यावी.

तोवर जाणत्यांनी मुलांना शेजारी बसवून छापील पुस्तकात पेन्सिलीने बारीक रेघा ओढून द्याव्यात. पोथी हस्तलिखित असेल तर मात्र तिला हात न लावता पाठ वहीत उतरवून घ्यावा आणि रेघा तेथे माराव्यात.