मोबाइल उशाशी, झोप दूर

मोबाइलच्या पडद्यातून येणाऱ्या प्रकाशात निळ्या रंगाचा वाटा मोठा असतो आणि दिवस-रात्र ओळखण्यासाठी शरीर नेमक्या याच प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देते. दृष्टिपटलातील काही मोजक्या चेतापेशींत मेलॅनॉप्सिन हे रंगद्रव्य असते. सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पडला, की या पेशी मेंदूतील जैविक घड्याळाला दिवस असल्याची खबर देतात. मग अंधार पडल्यावर पिनियल ग्रंथीतून पाझरणारे मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा आणि कमी स्रवते.

बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधील संशोधकांनी २०१४ च्या अखेरीस याविषयीचा प्रयोग प्रसिद्ध केला. १२ निरोगी तरुणांनी पाच रात्री टॅब्लेटवर आणि पाच रात्री छापील पुस्तकातून, झोपण्यापूर्वी चार-चार तास वाचन केले. पडद्यावर वाचताना मेलाटोनिन निम्म्याहून अधिक घटले आणि ते स्रवण्याची वेळ सुमारे दीड तास पुढे गेली. झोप लागायला मात्र सरासरी दहाच मिनिटे जास्त लागली. म्हणजे रोज तासभर झोप बुडत असेल, तर तिचा दोष एकट्या प्रकाशावर टाकता येत नाही.

खरे नुकसान पडद्यावरचा मजकूर करतो. पुस्तकातले प्रकरण संपते. एकामागून एक येणारे रील संपत नाहीत. ऑफिसचा मेसेज किंवा ग्रुपवरचा वाद मनाला पुन्हा जागे करतो. त्यामुळे पडदा पिवळसर करणाऱ्या सोयीवर विसंबणे फसवे आहे. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या २०२१ मधील अभ्यासात या सोयीमुळे झोपेत एकंदर फरक आढळला नाही.

बुडालेल्या झोपेची किंमत शरीर मोजते. शिकागो विद्यापीठाच्या १९९९ मधील प्रयोगात सलग सहा रात्री चारच तास झोपू दिलेल्या निरोगी तरुणांच्या रक्तातील साखर खाण्यानंतर लवकर उतरेनाशी झाली. अपुऱ्या झोपेमुळे भूक वाढते, एकाग्रता ढळते, वाचलेले लक्षात राहत नाही.

सर्वाधिक झळ किशोरांना बसते. त्यांना आठ ते दहा तास झोप हवी असते, पण वयात येताना जैविक घड्याळ मुळातच उशिराकडे सरकते. त्यात मोबाइलची भर पडते आणि सकाळची शाळा तर चुकत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे निर्देश दिले. निर्णय योग्यच आहे. मात्र त्याची खरी गरज असलेली आठवी-नववीची मुले त्याबाहेर राहिली. शिवाय शाळा सकाळची वेळ बदलू शकते, रात्रीची वेळ घरालाच सांभाळावी लागते.

त्यासाठी झोपण्यापूर्वी तासभर घरातील सगळ्यांचे मोबाइल बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावावेत आणि गजरासाठी साधे घड्याळ वापरावे. हा नियम आधी आईवडिलांनी पाळायला हवा. मोठे अंथरुणात मोबाइल पाहत असताना मुलांना केलेली मनाई टिकत नाही.