‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणणे यंदा थांबवा

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर आणि आसपासच्या सर्व रहिवाशांना, विशेषतः मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या जोडप्यांच्या घरच्यांना, कळकळीचे आवाहन.

गणपती तोंडावर आले आहेत. घरोघरी माणसे जमतील. प्रसाद वाटता वाटता कुणीतरी सुनेला विचारेल, ‘मग, गोड बातमी कधी?’ उपचार चालू आहेत हे ठाऊक असलेली एखादी मावशी मायेने म्हणेल, ‘तू फार विचार करतेस गं, म्हणून राहत नाही. टेन्शन सोड, आपोआप राहील.’ हे वाक्य यंदा कुणाच्याही तोंडून निघू देऊ नका.

ते मायेचे असले तरी त्याला आधार नाही. 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने 14 अभ्यासांचा एकत्रित आढावा छापला. त्यात 3,583 स्त्रियांची माहिती होती. उपचाराआधी चिंता किंवा नैराश्य असलेल्या स्त्रियांना उपचारांच्या त्या फेरीत दिवस राहण्याची शक्यता कमी असते, असे त्यातून दिसले नाही. बाईचे वय, बीजांडे, शुक्राणू, गर्भाशय यांचा हिशेब मोठा असतो. अपयशाचे खापर तिच्या हळव्या स्वभावावर फोडणे हा अन्याय आहे.

मनाचा संबंध आहे तो वेगळ्या ठिकाणी. संध्याकाळचे इंजेक्शन ठरल्या वेळीच घ्यावे लागते. म्हणून पर्समध्ये थंड पाऊच, आणि ऑफिसच्या वॉशरूममध्ये पोटाची कातडी चिमटीत धरून स्वतःच टोचलेली सुई. मग बोरिवली लोकलची गर्दी. घरी पोचल्यावर कुणाला काही सांगायचे नाही, कारण सासरी ‘कळू द्यायचे नाही’ असे ठरलेले. भ्रूण सोडल्यानंतर रक्ततपासणीपर्यंतचे दिवस तर एकेक करून ढकलावे लागतात. अहवाल निगेटिव्ह आला की कोण सावरेल आणि कोण कोसळेल, यात स्वभावाचा वाटा असतो. नेदरलँड्समधील संशोधकांनी यासाठी आधीच विचारायची प्रश्नावली तयार केली आहे. चिंता, नैराश्य, हतबलता, परिस्थिती स्वीकारण्याची ताकद आणि जवळच्यांचा आधार, एवढ्याच गोष्टी ती तपासते. यातला आधार हा शेवटचा भाग पूर्णपणे आपल्या हातात आहे. शिवाय मनाने थकून अनेक जोडपी उपचार अर्ध्यावर सोडतात. पुढच्या फेरीत यश आले असते का, हे त्यांना कधीच कळत नाही.

नवऱ्यांनो, तुम्हीही आत या. सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण असते, एकटे किंवा बाईच्या कारणाच्या जोडीने. तरी वीर्यतपासणी टाळून बायकोला आधी सगळ्या तपासण्यांतून फिरवले जाते. तुमचे गप्प बसणे तिला अबोला वाटते.

याच मुंबईत 6 ऑगस्ट 1986 रोजी केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून भारतातली शास्त्रीय नोंद असलेली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. आज हे उपचार उपनगरांतल्या रस्त्यारस्त्यावर मिळतात. समुपदेशक मात्र पुष्कळदा मागितल्याशिवाय भेटत नाही. तो मागा. सहाय्यक पुनरुत्पादन तंत्रज्ञान कायदा, 2021 नुसार यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम हे सगळे समजावून सांगणारे समुपदेशन देणे क्लिनिकवर बंधनकारक आहे. पहिल्या इंजेक्शनच्या आधी दोघांनी मिळून समुपदेशकापुढे बसा, आणि ‘निगेटिव्ह आले तर पुढे काय?’ हा प्रश्न तेव्हाच विचारा. मानसोपचाराच्या गोळ्या चालू असतील तर त्या परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

सोसायटीतल्या भगिनींनो, हळदीकुंकू आणि डोहाळजेवणाचे बोलावणे तिलाही द्या. ती आली नाही तर कारण विचारू नका.

रात्री झोप लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल तर शासनाच्या टेलि-मानस सेवेला 14416 वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आजच आपल्या सोसायटीच्या फलकावर लावा.