झिरपसिद्धांताची नवी तार

‘डिजिटल समावेशन’ या शासकीय शब्दाकडे साहित्याच्या अभ्यासकाने शब्द म्हणूनच आधी पाहावे. समावेश करणारा कोणीतरी आधीपासून आत बसलेला आहे, आणि बाहेर ताटकळणाऱ्याला आत घेण्याची कृपा तो करतो आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते. ‘लाभार्थी’ हा त्याचा जोडीदार शब्द. या दोन शब्दांच्या व्याकरणात खेड्यातला माणूस कर्ता कधीच नसतो, तो नेहमी कर्म असतो.

ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय प्रकाशतंतू जाळ्याची योजना मंजूर केली. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत तार न्यायची होती आणि मुदत दोन वर्षांची होती. २०१५ मध्ये तिचे ‘भारतनेट’ असे बारसे झाले, आणि २०२३ मध्ये सुधारित योजनेसाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. आज दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायती ‘सेवासज्ज’ आहेत असे शासकीय तक्ते सांगतात. ‘सेवासज्ज’ हाही शब्द पाहण्यासारखा आहे. सेवा सज्ज आहे याचा अर्थ ती कोणी वापरते आहे असा होत नाही. मूळ आराखड्यात तालुक्यापासून निघालेली तार एका रेषेत पुढे जात होती. मध्ये कुठे रस्तारुंदीकरणाच्या यंत्राने ती तोडली की पलीकडची सारी गावे मुकी! वर्तुळाकार जोडणीचे शहाणपण २०२३ च्या आराखड्यात आले. पण माझा आक्षेप तांत्रिक नाही. तार ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत न्यायची आणि तिथून ती घराघरांत आपोआप पाझरेल असे मानायचे, या विचारपद्धतीला तो आहे.

ही पद्धत आपल्या ओळखीची आहे. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले त्याचा रोख नेमका इथेच होता. महसूल रयतेच्या घामाचा, त्यातून शिक्षण वरच्या वर्गांचे, आणि ते वरून खाली झिरपेल ही सरकारची आशा. वरच्यांनी आपले ज्ञान खाली किती पोहोचवले, असा फुल्यांचा खडा सवाल होता. आपण हे निवेदन वर्गात शिकवतो, त्यावर प्रश्न काढतो, आणि तोच झिरपसिद्धांत काचेच्या तंतूतून वाहू लागला की त्याला प्रगती म्हणतो.

वारणा खोऱ्यातील प्रयोगाची आठवणही इथे करून द्यायला हवी. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडच्या सुमारे सत्तर गावांना संगणक-केंद्रांनी जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. पीकसल्ला, बाजारभाव, आरोग्य अशी मोठी स्वप्ने होती. प्रत्यक्षात केंद्रे मुख्यतः उसाची नोंद, टनेज आणि बिलाचा हिशेब यांसाठी वापरली गेली. पुढे २००६-०७ च्या सुमारास सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या लघुसंदेशांवर हीच कामे करून पाहिली, आणि ती झाली. हे अपयश आहे असे मी म्हणत नाही. आपल्या उसाचे वजन घरबसल्या कळणे ही शेतकऱ्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. पण कारखान्याने आपल्याविषयी काय लिहिले आहे एवढे वाचण्याची सोय त्याला मिळाली. कारखान्याविषयी त्याला काय लिहायचे आहे, हा प्रश्न त्या आराखड्यात नव्हताच.

२०१७ च्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात साक्षरतेची मात्रा वीस तासांची ठरली आणि घरटी एक व्यक्ती साक्षर करायची असे ठरले. घरटी एक! ती व्यक्ती बहुधा कोण असेल आणि कोण नसेल, हे मराठी कादंबरीच्या कोणाही वाचकाला सांगावे लागू नये.

आता थोडे आपल्याविषयी. आपल्या व्यवसायातली पुष्कळ मंडळी या विषयावर नाक मुरडतात. ‘आधी पुस्तक द्या, मग जाळे’, ‘मोबाइलने वाचनसंस्कृती बुडवली’, वगैरे. २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली तेव्हा माझ्या वर्गातली एक मुलगी गावाबाहेरच्या टेकाडावर छत्री घेऊन बसत असे, कारण आवाज तिथेच पोहोचायचा. पावसाचा जोर वाढला की ती दिसेनाशी होई, आणि मी हजेरीपटावर निर्विकारपणे गैरहजेरी मांडत असे. ती खूण मी केली होती, कोणा खात्याने नव्हे. केरळातला एक खटलाही आपण वाचायला हवा. मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाइल वापरायचा नाही, हा नियम न मानणाऱ्या इंग्रजी साहित्याच्या एका विद्यार्थिनीला बाहेर काढले गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने आंतरजालाचा वापर हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचाच भाग ठरवला. तिला अडवणारे हात शिक्षणसंस्थेचेच होते, हे विसरू नये.

म्हणून ‘आधी पुस्तक की आधी तार’ हा वादच मला खोटा वाटतो. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, आणि अनुदानावर कशीबशी तगून राहिलेली हजारो ग्रंथालये आहेत. त्यांतली ‘ड’ वर्गातली कित्येक एका खोलीत भरतात, पण संध्याकाळी उघडी असतात, आणि तिथे बसायला कोणाचा दाखला लागत नाही. ग्रामपंचायतीची कचेरी संध्याकाळी कुलूपबंद असते. मग तार कुलपामागे का न्यायची? ग्रंथपालाला धड वेतन द्या, दोन संगणक द्या, युनिकोडमध्ये मराठी लिहायला शिकवणारा एक माणूस द्या. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचे सत्कारसमारंभ आपण मोठ्या हौसेने केले. त्या भाषेत तलाठ्याकडे तक्रार टंकित करून पाठवणारी गावातली पहिली बाई कोणत्या टेबलाशी बसणार आहे, याची विचारणा मात्र आपल्यापैकी एकानेही केलेली मी ऐकलेली नाही. पुढच्या महिन्यात विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाची बैठक आहे. तिथे मी हा विषय मांडणार आहे, आणि ‘हा आपला विषय नाही’ हे उत्तर कोण देईल तेही मला आत्ताच दिसते आहे.